जवळचा पिठा

रविवारी गिरणी बंद असते असं कुणी म्हटलं की महादेवला हसू यायचं. सरकारनं कायदा केला, मालकांनी माना डोलावल्या, रविवारचा भोंगा थांबला, हे सगळं खरं. पण सांचे, म्हणजे माग, पुसायचे, तेल घालायचं, सांच्याखाली साठलेला कापूस ओढून काढायचा, हे कोणत्या वारी करायचं तेवढं कायद्यात लिहायचं राहून गेलं. मग ते रविवारी. दुपार कलेपर्यंत महादेव सांच्याखाली पालथा पडलेला असायचा, आणि लालबागच्या चाळीतल्या आपल्या खोलीत आला की त्याची सुट्टी सुरू व्हायची. ती सुट्टी तो झोपून काढायचा. उठला की सोमवार.

त्या रविवारी मात्र त्याला झोपता येणार नव्हतं. संध्याकाळी मुलगा बघायचा होता.

धाकटी अंबिका लग्नाची झाली होती. मुलगा देवरुखाकडचा, नाव जयवंत, महादेवच्याच गिरणीत बदलीवर. म्हणजे रोज सकाळी गेटावर उभं राहायचं, कुणी कामावर आला नाही तर त्याच्या सांच्यावर जायचं, सगळे आले तर घरी परतायचं. घराणं ओळखीचं, मुलगा कामाला चांगला. एकच गोष्ट बघायची राहिली होती, आणि महादेवच्या घरात आता तीच गोष्ट सगळ्यात मोठी झाली होती. मुलगा पितो का?

थोरल्या सखूच्या वेळी हे विचारलं नव्हतं. घर बघितलं, शेत बघितलं, सासूचा स्वभाव शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून घेतला, आणि हे तेवढं राहून गेलं. दिवाळीच्या आधी सखू लहान पोराला कडेवर घेऊन माहेरी आली ती अजून इथंच होती. कपाळावरची जखम भरून आली होती. तिला न्यायला कुणी आलं नव्हतं, आणि जा म्हणायची कुणाची छाती नव्हती. ती दिवसभर खोलीत काम उपसायची आणि फारसं बोलायची नाही. तिचं ते न बोलणं महादेवला गिरणीच्या आवाजापेक्षा जड जायचं.

"या वेळी मुलगा घरी बोलवून बघायचा नाही," राधाबाईनं, म्हणजे महादेवच्या बायकोनं, ठणकावलं होतं. "घरी काय, सगळेच पाय जवळ घेऊन बसतात. पिठ्यात बसवून बघा."

यात तिनं काही जगावेगळं सांगितलं नव्हतं. चाळीतल्या कोकणी माणसांत तशी रीतच पडून गेली होती. गावाकडे मुलाची माहिती चार घरं सांगतात. इथं शेजारच्या खोलीत कोण राहतो ते कळायला वर्ष जातं. म्हणून होकार देण्याआधी मुलीचा बाप आणि गावचा एखादा जाणता माणूस, दोघं मिळून मुलाला दारूच्या पिठ्यात घेऊन जायचे. त्याच्यापुढे भरलेला पेला ठेवायचा आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसायचं. आग्रह करायचा नाही, एवढा एकच नियम. मुलगा काय करतो ते बघायचं. एखादा पेला घेऊन थांबला तर चालण्यासारखा. शिवलाच नाही तर सोनं. आणि आपला संपवून दुसऱ्याच्या पेल्याकडे बघू लागला, तर पावसापाण्याच्या गप्पा मारून सरळ घरी यायचं.

महादेवनं मनाशी ठरवलं होतं, एखादा पेला घेणारासुद्धा नको. न शिवणारा मिळाला तरच अंबिका द्यायची.

जाणता माणूस म्हणून गुणाजी होता. महादेवच्या गावचा, याच चाळीत खालच्या मजल्यावर राहणारा. बायकापोरं गावाला, त्यामुळे परळ-लालबागच्या पिठ्यांची त्याला भटजीला मुहूर्तांची असते तशी माहिती. संध्याकाळी दोघं गॅलरीत बसून कुठं जायचं ते ठरवू लागले. गुणाजीला यात भारी रस. महादेवला नुसतं भिंतीला टेकायला मिळालं तरी पुरे होतं.

"नाक्यावरच्या पारशाकडे जाऊ नये," गुणाजीनं सुरुवात केली. "जागा झकास आहे, नाही कोण म्हणतो. भिंतीला आरसे, बाकांना पाठी. पण खलाशी येतात तिथं, गोरे शिपाईसुद्धा येतात. मुलगा ती मजा बघत बसेल. आपल्याला त्याच्यातलं काय दिसणार?"

"मग नको."

"चिंचपोकळीच्या पुलाखालचा पिठा स्वस्त. पण मागच्या अंगाला पत्ते चालतात. पोलिसांची धाड पडली तर जावई चौकीतून सोडवून आणायला लागेल."

"होऊ दे रे लवकर. कुठला बरा ते सांग."

"बरा म्हणशील तर प्रभादेवीची भंडाऱ्याची वाडी." गुणाजीचा आवाज जरा मऊ झाला. "माडाखाली चटई टाकतात. समोरून वारा. ताजी माडी, आणि त्याची बायको मांदेली तळते ती एकदा खाऊन बघ. मुख्य म्हणजे गिरणीतलं काळं कुत्रं तिकडे फिरकत नाही. माणूस मोकळा बसतो. पिणारा असला तर तिथं प्यायल्याशिवाय राहायचा नाही, आणि न पिणारा असला तर शहाळं मागेल. आपलं काम होईल."

काम झालंच असतं. महादेवलाही ते पटलं. पण प्रभादेवी म्हणजे परळ ओलांडून, शेतांतून, वाड्यांमधून चालत जायचं, आणि तेवढंच परत यायचं. त्यानं पाय लांब केले आणि पोटऱ्या दाबून बघितल्या. सकाळपासून सांच्याखाली गुडघ्यांवर होता तो.

"मागच्या गल्लीतला पिठा काय वाईट आहे?" तो म्हणाला.

गुणाजीनं त्याच्याकडे बघितलं. "दौलतराव बसतो तिथं."

दौलतराव म्हणजे त्यांच्या खात्याचा जॉबर. साताऱ्याकडचा गडी. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला गेटावरून परत पाठवायचं, चांगला सांचा कुणाला आणि सारखे धागे तुटणारा कुणाला, हे सगळं त्याच्या हातात. मालकाचं तोंड वर्षातून एकदा दिसायचं. दौलतरावाचं रोज दिसायचं, आणि ते बघूनच आजचा दिवस कसा जाणार ते कळायचं.

"आज रविवार," महादेव म्हणाला. "त्याच्या खंडोबाचा वार. रविवारी तो थेंबाला शिवत नाही, सगळ्या खात्याला ठाऊक आहे. वार पाळणारा माणूस पिठ्यात कशाला मरायला येईल?"

"ते खरं. तरी मला आपली प्रभादेवीच बरी वाटते."

"तुला वाटेल रे. तुझे पाय धड आहेत."

खंडोबाचं म्हणणं बिनतोड होतं. खरं सांगायचं तर महादेव दमला होता, आणि दमलेला माणूस आधी जवळचं ते बरं असं ठरवतो आणि मग त्याला कारणं शोधतो. गल्लीतला पिठा लहान होता, गडबड नसायची, बोंबील चांगले मिळायचे, परत यायला दोन पावलं. सगळी कारणं चांगली होती. दोघंही त्या पिठ्यात रविवारी कधी गेलेले नव्हते. महादेव रविवारी झोपायचा आणि गुणाजी लांब कुठंतरी भटकायचा.

दिवेलागणीच्या आधी जयवंत आला. धुतलेलं धोतर, कोरी टोपी, केस पाण्यानं चापून बसवलेले. तोही सकाळी सांचे पुसायला गेला असणार. कानाच्या पाळीमागे कापसाचा एक पांढरा पुंजका तसाच राहिला होता. राधाबाईनं दाराआडून त्याला बघून घेतलं. सखूनंही बघितलं, पण ती लपली नाही. तिघं जिना उतरेपर्यंत ती पोराला खांद्यावर घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली.

पिठ्यात शिरलं की डाव्या हाताला मालकाचं मेज, समोर तीनचार बाकं, कोपऱ्यात पाण्याचा माठ. छताला टांगलेला रॉकेलचा दिवा नुकताच लावला होता. गिऱ्हाईक थोडं होतं. मोहाच्या दारूचा आंबूस वास आणि त्यात तळणीचा. महादेवनं भिंतीकडचं बाक धरलं आणि पाठ टेकली. आपण योग्य ठिकाणी आलो असं त्याच्या पाठीला तरी नक्की वाटलं.

गुणाजीनं नवटाक नवटाक भरून तीन पेले मागवले, चणे मागवले, आणि देवरुखच्या बाजाराची चौकशी सुरू केली. जयवंत मोजकं बोलायचा, पण विचारलेलं नीट सांगायचा. आई गावाला असते. वडील गेले. थोरली बहीण नांदते आहे. बोलता बोलता तो एकेक चणा तोंडात टाकत होता. पेल्याला त्यानं हात लावला नाही. बाजूलाही सारला नाही. पेला नसल्यासारखाच तो बसला होता. मग उठून माठातलं पाणी पिऊन आला.

गुणाजीनं महादेवच्या गुडघ्याला गुडघा लावला.

"काका, राग मानू नका," जयवंत आपणहूनच म्हणाला. "तुम्ही मागवलीत, पण मी घेत नाही. फुकट जाईल. कुणाला हवी तर द्या."

"का रे? माळ घातलीस काय?" गुणाजीनं विचारलं.

"नाही हो. नाही घेत एवढंच."

महादेवला इतकं बरं वाटलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कित्येक आठवड्यांत काही मनासारखं झालं नव्हतं. आता घरी जायचं, सखूला सांगायचं. तिला सांगताना तिच्याकडे न बघता बोलायची पाळी येणार नाही. त्याच्या डोळ्यांपुढे अंबिकेचं लग्न उभं राहिलं, आणि त्या लग्नात हसणारी सखूसुद्धा.

त्याच घडीला उठायला हवं होतं. बघायचं ते बघून झालं होतं. पण पाठीला भिंत होती, पाय सुटे झाले होते, आणि आनंदानं माणूस अधिकच सैल पडतो. "थोडे बोंबील मागव," तो गुणाजीला म्हणाला. "खाऊन जाऊ."

बोंबील आले आणि त्यांच्या मागोमाग दौलतराव आला.

कपाळभर भंडारा, अंगात पांढरा सदरा, बरोबर खात्यातली दोन माणसं. बाकांवरचे सगळे उठून उभे राहिले. महादेवही राहिला, गुणाजीही. जयवंत त्यांच्यामागून उठला. दौलतरावानं हातानं सगळ्यांना बसवलं आणि तो नेमका त्यांच्याच बाकावर येऊन टेकला.

"बसा की. आज माझा वार हाय, मी काय शिवणार न्हाई," तो हसत म्हणाला. "पन माझा वार म्हनून तुमचा घसा का कोरडा? शेठ, भरा ह्यांचं. माझ्या वाटनीची ह्यांनी घ्यायची. देवाच्या नावाची हाय."

रविवारी पिठ्यात नेहमी येणाऱ्यांना हे नवीन नव्हतं. दौलतराव वार कडक पाळायचा, आणि पाळलेला वार चार माणसांना दिसावा म्हणून पिठ्यात येऊन बसायचा. स्वतः शिवायचं नाही, आपल्या वाटणीची दुसऱ्याला पाजायची, आणि कोण कसा घेतो ते बघत बसायचं. जो आनंदानं घेईल त्याचा सोमवार चांगला जायचा. हे महादेवला माहीत नव्हतं, आणि आता कळून उपयोग नव्हता.

पेले भरले गेले. महादेवनं आपला एका दमात रिकामा केला. गुणाजीनंही केला. जयवंतपुढे आता दोन पेले झाले होते, एक आधीचा आणि एक दौलतरावाचा.

"ह्यो कोन?"

"पाहुणा आमचा," महादेव घाईनं म्हणाला. "जयवंत. आपल्याच खात्यात बदलीवर येतो, साहेब."

"बघितल्यासारखा वाटतोय. हात का लावीना त्यो?"

"त्याचाही वार असेल," गुणाजी पटकन म्हणाला आणि जयवंतकडे बघून डोळे मोठे केले. इतकी सरळ वाट त्यानं करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी सुटका झाली असती. देवाचं नाव आलं की दौलतरावही हात जोडून गप्प बसला असता.

"नाही, वार नाही," जयवंत म्हणाला. "मी घेतच नाही."

"वार न्हाई?"

"नाही."

"गळ्यात माळ?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही, साहेब. घेत नाही."

शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. दौलतराव रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं महादेवला वाटून गेलं. तो आपला हसतच होता.

"खंडोबाच्या नावाची हाय ती, पोरा."

"देवाच्या नावाची म्हणून तर खोटं सांगवत नाही," जयवंत म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता. हात मांडीवर, नजर खाली.

"उद्या गेटावर हायस न्हवं?" दौलतरावानं विचारलं. उत्तराची वाट न बघता तो महादेवकडे वळला. "महादेव, पाव्हना तुझा. तूच सांग त्याला."

महादेवच्या मनात त्या वेळी काय काय आलं ते सगळं सांगण्यासारखं नाही. आपला सांचा आला. नीट चालणारा सांचा, तो मिळवायला किती वर्षं हांजी हांजी करावी लागली ते आलं. घरात खाणारी तोंडं दोन वाढली आहेत ते आलं. या पोराला उद्यापासून गेटात कुणी उभं करणार नाही, आणि त्याचा सासरा म्हणून आपल्यालाही नाही, हेही आलं. पण सगळ्यात आधी आला तो कंटाळा. त्याला हे संपायला हवं होतं. घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. एका पेल्यानं काय होतंय, असं कुणीतरी त्याच्या कानात म्हणालं, आणि तो आवाज त्याचाच होता.

त्यानं पेला उचलला आणि जयवंतच्या हातात दिला.

"घे," तो म्हणाला. "एवढी एक घे. माझ्यासाठी घे."

गुणाजी खाली बघू लागला.

जयवंतनं महादेवकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. रागानं नव्हे, काहीतरी नीट समजून घ्यावं तसं. मग त्यानं पेला तोंडाला लावला आणि औषध घ्यावं तसा सगळा संपवला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. दौलतरावानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"ब्येस. उद्या ये, मला भेट. एक सांचा रिकामा हुतोय, बघू तुझं."

म्हणजे झालं ते चांगलंच झालं म्हणायचं. पोराची बदली सुटणार होती, कायमचा सांचा मिळणार होता. महादेवनं हात जोडले, दोनतीनदा जोडले, आणि तिघं बाहेर पडले.

गल्लीच्या तोंडाशीच जयवंतला उलटी झाली. भिंतीला हात टेकून तो वाकला. महादेवनं त्याची पाठ धरली. पाठ तापलेली होती. नळावर त्यानं चुळा भरल्या, तोंड धुतलं, टोपी नीट केली. गुणाजी थोडा पुढे जाऊन उभा राहिला.

"आता बरं वाटेल," महादेव म्हणाला. "एकदाच झालं ना. सांचा मिळतोय, ते बघ. उद्या त्याला भेट, विसरू नको."

"काका, दौलतरावांनी सांगून मी घेतली नसती," जयवंत म्हणाला. "गेटावरून हाकललं असतं तरी नसती घेतली. दुसरी गिरणी बघितली असती."

"मग घेतलीस कशाला?"

"तुम्ही सांगितलंत ना."

चाळींमधून चुलींचा धूर रस्त्यावर उतरला होता. डोळे चुरचुरत होते.

"आईनं मला एक सांगून पाठवलं होतं," जयवंत म्हणाला. "म्हणाली, मुलगी चारचौघींसारखी असली तरी चालेल. बाप बघ. त्याच्याबरोबर एक संध्याकाळ बाहेर बसून बघ."

"असं कशाला?"

"आमचा बापूस वाईट नव्हता, काका. कुणाला शिवी दिली नाही कधी. पण कुणी काही सांगितलं की त्याला नाही म्हणता यायचं नाही. पाटलानं सांगितलं घे, त्यानं घेतली. मुकादमानं सांगितलं घे, घेतली. तसाच गेला तो." त्यानं ओल्या हातानं तोंड पुसलं. "तुम्हीपण वाईट नाही. आज मला तुमचा शब्द मोडता आला नाही. आणि तुम्हाला दुसऱ्याचा मोडता येत नाही. त्या घरात मी सासऱ्याचा मान राखत बसलो तर माझं काय होईल ते मला आज कळलं. मला नाही जमायचं, काका. अंबिकेला दोष नाही यात. मी तिला बघितलंसुद्धा नाही."

त्यानं वाकून महादेवच्या पायांना हात लावला आणि तो परळच्या बाजूला चालू लागला. पाऊल जरा वाकडं पडत होतं.

गुणाजी जवळ आला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"प्रभादेवीला गेलो असतो तर हे झालं नसतं," तो हळूच म्हणाला.

"तिथंसुद्धा मीच आलो असतो ना," महादेव म्हणाला, आणि दोघं चाळीकडे वळले.

जिना चढताना त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला. पाय दुखत होते, पण आता पायांकडे लक्ष द्यायची त्याची इच्छा नव्हती. सखू दारातच होती. पोर झोपलं होतं, ती तेवढी जागची हलली नसावी. राधाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. आत अंबिका भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज बंद झाला.

"पितो का?" सखूनं विचारलं.

"नाही," महादेव म्हणाला. "पीत नाही तो."

सखू हसली. माहेरी आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. आत वळून ती अंबिकेला म्हणाली, "ऐकलंस का ग?" आणि तिचा आवाजच बदलून गेला. राधाबाईनं देवाच्या फळीकडे बघून हात जोडले.

"मग उद्याच होकार कळवा," ती म्हणाली. "असा मुलगा सोडायचा नाही."

"तो नाही म्हणाला."

"कोण नाही म्हणाला?"

"मुलगा."

"अहो, पोरीला बघितलं तरी आहे का त्यानं? न बघता नापसंत कशी?"

"पोरगी नव्हे," महादेव म्हणाला. "मी पसंत पडलो नाही."

राधाबाईला काही उमगेना. तिनं नवऱ्याचा चेहरा बघितला, तांब्या हातातच धरून ती उभी राहिली. मग तिचं सुरू झालं, एवढा माजोरी कोण लागून गेला, बदलीवरचा तो, आमच्यात काय वाईट आहे. महादेव भिंतीला टेकून खाली बसला. ती बोलत होती ते त्याला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं.

सखूचं हसू जाऊन बराच वेळ झाला होता. गॅलरीतलं दोघांचं बोलणं तिनं आतून ऐकलं होतं. ती त्याच्यासमोर येऊन खाली बसली.

"पिठ्यात दौलतराव आला होता?" तिनं विचारलं.

"आला होता."

"त्यानं तुम्हाला काही सांगितलं?"

महादेवनं मान डोलावली.

सखूनं निजलेल्या पोराला मांडीवर नीट घेतलं. त्याच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. तिच्या आवाजात राग नव्हता. चौकशी करावी तसं तिनं विचारलं.

"माझं स्थळ पण त्यानंच सांगितलं होतं ना, बाबा?"

"हो," महादेव म्हणाला.